जाणवण्याआधीचा आजार

छातीच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या ऊतीत दिसणाऱ्या, साधारण गोल आणि ३ सेंटिमीटरपर्यंत व्यासाच्या डागाला वैद्यकात नोड्यूल, म्हणजे लहान गाठ, म्हणतात. ती जुन्या क्षयाचा भरून आलेला व्रण असू शकते, बुरशीच्या संसर्गाची खूण असू शकते आणि क्वचित कर्करोगाची सुरुवातही असू शकते. मात्र ज्याच्या छातीत ती असते त्याला बहुधा खोकला नसतो, धाप नसते आणि वेदनाही नसते. अहवाल येईपर्यंत निरोगी असलेला असा माणूस अहवालानंतर आजारी ठरतो काय, हा प्रश्न वरकरणी वैद्यकाचा वाटला तरी मुळात तत्त्वज्ञानाचा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या परंपरेने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे, असा चिनी वैद्यकाच्या आजच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे.

हे उत्तर ते ‘ह्वांगदी नेइजिंग’ या, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांच्या सुमारास संकलित झालेल्या ग्रंथात शोधतात. ‘झ वेइ बिंग’, म्हणजे अद्याप न झालेल्या आजारावर उपचार करणे, हेच श्रेष्ठ वैद्याचे काम, असे हा ग्रंथ मानतो. शरीरातून ऋतूंच्या लयीत वाहणारी ‘ची’ ही प्राणसदृश शक्ती सुरळीत असणे म्हणजे आरोग्य, आणि तिचा ताल हळूहळू बिघडत जाणे म्हणजे आजार. त्यामुळे निरोगी आणि आजारी यांच्यामध्ये ठाम रेषा न राहता एक उतार तेवढा उरतो. दोषांच्या संचयापासून भेदापर्यंतचे सुश्रुताचे सहा क्रियाकाल ज्यांना ठाऊक आहेत, त्या मराठी वाचकांना ही मांडणी परकी वाटणार नाही.

या मांडणीत फुप्फुसाला, चिनी भाषेतल्या ‘फेइ’ला, विलक्षण स्थान आहे. हृदय हा राजा, तर फेइ हा त्याचा प्रधान. सर्व अवयवांवर धरलेले छत्र तेच, आणि बाहेरच्या थंडी-कोरडेपणाचा घाव सर्वांत आधी सोसणारा नाजूक अवयवही तेच. त्याचे महाभूत धातू, ऋतू शरद आणि भावना शोक. एवढेच नव्हे, तर ‘पो’ हा देहाला बांधलेला, मृत्यूनंतर मातीत विरणारा जीवांशही तेथेच वसतो, अशी श्रद्धा आहे. श्वासाचे रक्षण म्हणजे हवेच्या पिशव्यांची निगा नव्हे, तर दुःख धरून ठेवण्याची आणि सोडून देण्याची रीत होय, हा या विचाराचा गाभा आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा मुळीच नाही.

अडचण पुढे येते. फेइ हे प्रामुख्याने कार्यांच्या समूहाचे नाव आहे, तर स्कॅनमधले फुप्फुस ही आकार आणि घनता असलेली वस्तू आहे. ‘नानजिंग’ या प्राचीन ग्रंथात फेइच्या साचलेल्या विकाराला ‘शीबेन’ म्हटले आहे. पण तो उजव्या बरगड्यांखाली पालथ्या पेल्याएवढा वाढणारा, पुढे थंडी-ताप आणि खोकला आणणारा विकार आहे. काही मिलिमीटरच्या मूक ठिपक्याची कल्पना त्या वैद्यांना असणे शक्यच नव्हते, कारण त्यांची ज्ञानसाधने नाडी, जीभ, स्पर्श आणि रुग्णाचे बोलणे हीच होती. तेव्हा आजचा चिनी वैद्य स्कॅनमधील गाठ म्हणजे साचलेला कफ आणि थिजलेले रक्त असे सांगतो, त्या वेळी तो एका ज्ञानपद्धतीने पाहिलेल्या वस्तूला दुसऱ्या पद्धतीचे कारण चिकटवीत असतो. ही उडी आहे, अनुमान नव्हे.

औषधाने गाठ विरघळल्याच्या दाव्यात हा दोष अधिकच उघडा पडतो. अमेरिकेत दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या ५३,००० हून अधिक व्यक्तींवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटले, पण संशयास्पद ठरलेल्या अहवालांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक अहवालांमागे कर्करोग नव्हताच. दाहामुळे उमटलेल्या कित्येक गाठी आपोआप नाहीशा होतात. म्हणून काढा घेतला आणि गाठ गेली, एवढ्यावरून काढ्याला श्रेय देता येत नाही. उलट, खोकल्यावर शतकानुशतके दिल्या गेलेल्या ‘मादोउलिंग’ या फळातील ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडे निकामी करते आणि कर्करोगही घडवते, हे सिद्ध झाल्यावर चीनने २०२० च्या औषधसंहितेतून ते वगळले.

एका बाबतीत मात्र जुनी कल्पना आणि आधुनिक व्यवहार नकळत जवळ येतात. कमी जोखमीच्या माणसातील ६ मिलिमीटरहून लहान घन गाठीचा नियमित पाठपुरावा करण्याची गरज नाही, असे २०१७ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, आणि मोठ्या गाठींबाबतही पुष्कळदा काही महिने थांबून पुन्हा स्कॅन करणे हाच पहिला सल्ला असतो. या काळात करण्याजोगे काय, याविषयी रेडिओलॉजीचा अहवाल काहीच बोलत नाही. धूम्रपान सोडणे आणि धूर-धूळ टाळणे हे कोणताही डॉक्टर सांगेल. ‘लिउझजुए’ या सहा ध्वनींच्या श्वसनपद्धतीत फेइसाठी ठरलेल्या ‘स’सारख्या ध्वनीवर केलेला दीर्घ उच्छ्वास गाठीला हात लावणार नाही, पण पुढच्या स्कॅनची वाट पाहणाऱ्याची धास्ती त्याने थोडी सैल होऊ शकते, आणि चिनी वैद्यकाच्या स्वतःच्या हिशेबात ही धास्तीसुद्धा उपचाराचाच विषय आहे.