अपयशाची नोंद आणि तिची दुरुस्ती

इंदूरच्या सीबीएसई शाळेत बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्या विद्यार्थ्याच्या हाती एनसीईआरटीचे जे पुस्तक पडते, त्याचे पहिले प्रकरण पायथनमधल्या एक्सेप्शन हँडलिंगचे आहे. वर्षाची सुरुवात प्रोग्राम कुठे अडतो इथून करावी, ही निवड मला फार मोलाची वाटते. त्याच प्रकरणात पायथनच्या अंगभूत एक्सेप्शनांचा तक्ता आहे आणि फाइल उघडता आली नाही तर ‘आयओएरर’ येतो, असे त्यात सांगितले आहे. पण शाळेच्या लॅबमध्ये हाच विद्यार्थी नसलेली फाइल उघडायला गेला की पडद्यावर नाव येते ‘फाइलनॉटफाउंडएरर’. पायथनच्या 3.3 या आवृत्तीत, 2012 साली, आंत्वान पित्रू यांच्या पीईपी 3151 या प्रस्तावानुसार आयओएरर आणि त्याच्या जोडीची बरीच नावे ओएसएररमध्ये विलीन झाली. फाइल नसणे, परवानगी नसणे, जोडणी नाकारली जाणे असे नेमके उपप्रकार ओएसएररच्या पोटात आले आणि आयओएरर हे त्याचे दुसरे नाव म्हणून उरले. म्हणजे तक्त्यातली ओळ खोटी नाही, पण तिच्यावर विसंबणारा फसतो. आयओएरर पकडून ‘फाइल सापडली नाही’ असे छापणारा प्रोग्राम फाइल जागेवर असूनही परवानगी नसेल तरी तेच छापेल आणि लिहिता लिहिता डिस्क भरली तरीही तेच. वापरणारा मग जागेवर असलेली फाइल शोधत बसेल. या तक्त्यात ओएसएरर आणि त्याचे दोन-तीन उपप्रकार आणणे ही एका ओळीची दुरुस्ती आहे. अशा दुरुस्तीला आपण शुद्धलेखनाच्या चुकांच्या रांगेत बसवतो. माझ्या मते ती प्रोग्राममधला दोष काढण्याच्याच तोलाची आहे.

असे म्हणण्याचे कारण यश आणि अपयश यांच्या नोंदींतल्या एका मूलभूत फरकात आहे. एखादे फंक्शन नीट चालल्यावर काय देते हे डॉक्युमेंटेशनमध्ये चुकीचे लिहिले असेल, तर ती चूक पहिल्याच दिवशी पकडली जाते, कारण तो रस्ता रोज तुडवला जातो. अपयशाच्या रस्त्याने वर्षानुवर्षे कुणी जात नाही. डिस्क मुद्दाम बिघडवून, नेटवर्क नेमक्या क्षणी तोडून पाहणारे थोडे. बाकी सगळे लिहिलेल्या शब्दावर विश्वास ठेवतात. तो शब्द चुकीचा असला तर चूक उघडी पडते ती संकटाच्या वेळीच. टोरंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली कॅसँड्रा, एचबेस, रेडिस यांसारख्या 5 प्रणालींतल्या 198 बिघाडांचा अभ्यास मांडला. संपूर्ण प्रणाली कोलमडवणाऱ्या बिघाडांपैकी 92 टक्के असे निघाले, की जिथे सॉफ्टवेअरने चूक झाल्याचे स्पष्ट कळवले होते आणि ती हाताळणाऱ्या कोडनेच घात केला होता. या सगळ्यांचे खापर डॉक्युमेंटेशनवर फोडता येणार नाही. त्यातल्या कित्येक ठिकाणी निव्वळ निष्काळजीपणा होता. पण सूचना मिळूनही पुढे काय करायचे हे ठरत नाही, तिथे त्या सूचनेचा अर्थ कुठे नीट लिहून ठेवला होता का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

लिहिलेले चुकीचे असण्याइतकेच न लिहिलेले घातक ठरते, याचा सर्वांत बोलका पुरावा पोस्टग्रेस या डेटाबेसच्या इतिहासात आहे. लिहिलेला मजकूर खरोखर डिस्कवर उतरला ना, याची खात्री करण्यासाठी डेटाबेस ‘एफसिंक’ नावाचा सिस्टिम कॉल वापरतो. तो अयशस्वी होऊ शकतो, हे लिनक्सच्या मॅन पानावर होते. अयशस्वी झाल्यावर मेमरीतल्या त्या मजकुराचे काय होते, हे मात्र त्यावरून कळत नव्हते. पोस्टग्रेसच्या कर्त्यांनी सरळ अर्थ घेतला: मजकूर अजून शाबूत असेल, पुन्हा प्रयत्न करू. प्रत्यक्षात लिनक्स अपयश एकदा कळवून त्या मजकुराची मेमरीतली पाने ‘उतरली’ अशी खूण करून मोकळा होत असे. दुसरा एफसिंक यशस्वी म्हणून परत येई आणि मजकूर कायमचा गेलेला असे. 2018 साली हे उजेडात आले, तोवर हा समज सुमारे 20 वर्षे चालला होता. 2019 च्या फेब्रुवारीत पोस्टग्रेसने वर्तन बदलले. आता एफसिंक फसला की डेटाबेस स्वतःला थांबवतो आणि नोंदवहीवरून पुन्हा उभा राहतो. जगातली अत्यंत सावध माणसे हा डेटाबेस लिहीत होती. ‘अपयशानंतर पुन्हा प्रयत्न करून उपयोग नाही’ एवढे एक वाक्य त्या मॅन पानावर असते, तर त्यांनी ते नक्की वाचले असते.

4 जून 1996 रोजी एरियन 5 हे रॉकेट उड्डाणानंतर सुमारे 40 सेकंदांत नष्ट झाले, ती घटना सर्वपरिचित आहे. 64 बिटांची अपूर्णांकी संख्या 16 बिटांच्या पूर्णांकात मावली नाही, एडा भाषेतल्या त्या कोडने एक्सेप्शन दिले आणि दिशादर्शक यंत्रणा बंद पडली. चौकशी मंडळाच्या अहवालातली एक नोंद मात्र क्वचितच सांगितली जाते. धोका असलेल्या सातपैकी चार संख्यांना संरक्षण दिले होते आणि तीन संख्यांना जाणूनबुजून दिले नव्हते, कारण हा कोड मुळात ज्यासाठी लिहिला होता त्या एरियन 4 च्या उड्डाणमार्गात त्या मर्यादेबाहेर जाणार नाहीत, असे मानले होते. हे कारण मूळ कोडमध्ये कुठेही लिहिलेले आढळले नाही. कागदपत्रांच्या ढिगात ते झाकले गेले. नवे रॉकेट आले, मार्ग बदलला आणि गृहीतक तपासायला कुणी गेले नाही.

यावर अनुभवी प्रोग्रामरचा पहिला आक्षेप असा, की कोड हेच सत्य. शंका आली तर कोड वाचावा. पण कोड आज काय घडते एवढेच सांगतो. त्यातले वचन कोणते आणि योगायोग कोणता, हे त्यातून कळत नाही. पायथनच्या ‘इंट’ या फंक्शनला देवनागरीतले ‘१२’ दिले तर ते एक्सेप्शन न देता बारा ही संख्या परत करते. मराठी अर्जातला आकडा वाचणाऱ्याने यावर विसंबावे का? विसंबावे, कारण युनिकोडमधला कोणताही दशमान अंक चालेल असे डॉक्युमेंटेशनने म्हटले आहे. उलट वर्गासाठी लिहितात तो वरचा छोटा दोन ‘इजडिजिट’ला अंक वाटतो, पण ‘इंट’ त्यावर व्हॅल्यूएरर देते. आधी इजडिजिटने तपासले म्हणून निर्धास्त राहिलेला प्रोग्राम इथे पडतो, आणि हा भेद समजून घ्यायला डॉक्युमेंटेशनच उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रत्येक फंक्शन कोणकोणती एक्सेप्शने देईल याची पूर्ण यादी ठेवणे अशक्य, कारण ते ज्यांना हाक मारते त्या सर्वांची एक्सेप्शने त्यातून वर येतात. सी प्लस प्लसने अशी यादी भाषेतच लिहिण्याची सोय केली होती. 2011 च्या मानकात ती कालबाह्य ठरवली गेली आणि 2017 मध्ये काढून टाकली. हा अनुभव मला मान्य आहे. म्हणूनच माझा आग्रह यादीचा नाही. डेव्हिड अब्राहम्स यांनी त्याच भाषेसाठी मांडलेल्या तीन हमी इथे मार्ग दाखवतात: एक्सेप्शन येणारच नाही, आले तरी सगळे पूर्ववत राहील, किंवा निदान वस्तू वापरण्याजोगी राहील, काही गळणार नाही. हाक मारणाऱ्याला नावांपेक्षा हे हवे असते. आता माझ्या हाती काय उरले आणि मी पुन्हा प्रयत्न करावा का, एवढे त्याला कळले की पुरे. एफसिंकच्या पानावर नेमके हेच नव्हते.

राहिला ‘डॉक्युमेंटेशन दुरुस्त करणे हे नवशिक्यांचे काम’ हा समज. 2019 च्या पायथन 3.8 मध्ये असिंकआयओचे ‘कॅन्सल्डएरर’ हे एक्सेप्शन ‘एक्सेप्शन’ या सामान्य वर्गातून निघून ‘बेसएक्सेप्शन’खाली गेले. त्याआधी सामान्य वर्ग पकडणारा कोड काम रद्द करण्याची सूचनाही गिळून टाकत असे. नंतर ती त्याच्या हातून सुटून पुढे जाऊ लागली, आणि आवराआवर त्या फांदीत ठेवणाऱ्यांची आवराआवर राहून जाऊ लागली. हा बदल डॉक्युमेंटेशनमध्ये एका ओळीत आहे. तशी ओळ लिहायला किंवा दुरुस्त करायला मूळ कोड वाचावा लागतो, आवृत्त्यांचा इतिहास चाळावा लागतो, अपयश स्वतः घडवून पाहावे लागते. आपल्या परंपरेत वार्तिककाराकडे सूत्रातले सांगितलेले, राहून गेलेले आणि चुकीचे सांगितलेले, तिन्ही तपासण्याचे काम असे. कात्यायनाने पाणिनीच्या सूत्रांवर ते केले, आणि त्या कामाला कुणी हलके मानले नाही.

इंदूरमध्ये एसजीएसआयटीएस आहे, आयआयटी आहे, देवी अहिल्या विश्वविद्यालय आहे, आणि सुपर कॉरिडॉरवर सॉफ्टवेअर कंपन्यांची मोठी आवारे उभी आहेत. इथल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत या कामाला जागा द्यावी. विद्यार्थ्याने एक मुक्त लायब्ररी निवडावी, तिच्या दहा फंक्शनांची अपयशे घडवून पाहावीत, लिहिलेल्याशी ताडावीत, आणि जिथे फरक निघेल तिथे पुराव्यासह दुरुस्ती पाठवावी. ती स्वीकारली गेली तर नव्या कोडइतकेच गुण त्याला मिळावेत.