आतले पॅड, वरचा रुबाब

नोव्हेंबर 2015 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठातल्या एका न्यायमूर्तींनी तमिळनाडूतल्या देवळांसाठी पोशाखाचा नियम घालून दिला. पुरुषांनी वेष्टी, म्हणजे तिकडचे धोतर, किंवा पायजमा आणि वर उपरणे, नाहीतर साधी पँट आणि शर्ट घालावा. अर्ध्या चड्ड्या, तंग लेगिंग वगैरे बंद. 1 जानेवारी 2016 पासून नियम लागू झाला आणि जानेवारी संपायच्या आत त्याच न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने त्याला स्थगिती दिली. नियम औटघटकेचा ठरला, पण तिथल्या कुंभकोणम या देवळांच्या गावाच्या आसपास त्याने फार काही बिघडले किंवा सुधारले नाही. न्यायालयाने सांगण्यापूर्वीही तिथे गाभाऱ्याच्या वाटेवर उघड्या गुडघ्यांचे कुणाला कौतुक नव्हते.

सायकलस्वाराला हा मुलूख मानवतो. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधे वसलेले गाव, चहूकडे भातखाचरे आणि चढ म्हणावा असा चढ कुठेच नाही. दारासुरम गावाला लागूनच, स्वामीमलै आणि तिरुभुवनम अर्ध्या तासाच्या अंतरावर. कोळ्ळिडम नदी ओलांडून अणैकरैमार्गे गंगैकोंडचोळपुरमला जाऊन यायला एक सकाळ पुरते. नवग्रहांची नऊही देवळे काही दिवसांच्या सायकलफेरीत बसतात. म्हणजे इथल्या प्रत्येक फेरीत पाच-सहा वेळा कुठल्यातरी गोपुराखाली उतरायचे, बूट काढायचे आणि आत जायचे. अशा वेळी दोनशे पौंडांच्या आगेमागे किमतीची लंडनची बिब-शॉर्ट, म्हणजे पॅड आणि खांद्याचे पट्टे असलेली सायकलची तंग चड्डी, घातलेला माणूस काय करतो? पाठीच्या खिशातली साधी सुती वेष्टी काढतो आणि त्या शॉर्टवरून गुंडाळतो.

या दृश्यावर हसून पुढे जाता येईल. पण सायकलचे महागडे कपडे घेण्यात अर्थ आहे का, या आपल्याकडे अलीकडे वारंवार होणाऱ्या वादाचा निकाल लावायला मला ही जागा सोयीची वाटते. वेष्टीखाली झाकल्यावर त्या शॉर्टचे काय उरते आणि काय जाते, हे पाहावे.

उरते ते पॅड. त्याबद्दल टिंगल करणाऱ्यांनी आधी शंभर किलोमीटर सायकल चालवावी. सायकलवर शरीराचा बराचसा भार बैठकीच्या दोन हाडांवर आणि त्यांच्या भोवतालच्या नाजूक भागावर पडतो. पाय तासाला काही हजार वेळा वरखाली होतात, खाली घाम साचतो, कापडाची शिवण त्याच जागी घासत राहते. कातडी सोलवटते, त्यात जंतू शिरतात, गळू होते. पूर्वी शर्यतीच्या लोकरी चड्डीत शॅमॉय नावाच्या डोंगरी प्राण्याचे कमावलेले कातडे शिवलेले असे. धुतल्यावर ते पापडासारखे कडक होई आणि पुन्हा मऊ करायला मलम चोळावे लागे. आज त्याची जागा वेगवेगळ्या घनतेच्या फोमच्या थरांनी घेतली आहे. हाडांखाली घट्ट थर, मधे खोबण, कडेला इतका पातळ की शिवण जाणवू नये. 1958 मध्ये ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शायव्हर्स यांनी घडवलेला लायक्राचा धागा हे पॅड जागेवर घट्ट धरून ठेवतो. खांद्यावरून जाणारे पट्टे असले की कमरेला इलॅस्टिकचा काच बसत नाही. आत दुसरी चड्डी घालायची नसते, हे नवख्यांना कुणीतरी कानात सांगावे लागते.

200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे मुदतीची लांब पल्ल्याची फेरी, साडेतेरा तासांत, 600 ची चाळीस तासांत पुरी करायची असते. अशा फेऱ्या महाराष्ट्रात आता गावोगावचे लोक करतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी, सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. असल्या पल्ल्याला कातडी हे पायांच्या ताकदीइतकेच मोठे भांडवल असते. बैठकीच्या जखमेने शर्यत सोडावी लागणे हा सायकलिंगमधला जुना अनुभव आहे. तेव्हा पॅडवर पैसे घालवणे ही चैन नाही, एवढे मी बिनशर्त मान्य करतो.

पण किती पैसे? हजार-पंधराशेची पॅडवाली चड्डी आणि तीन-चार हजारांची यांत जो फरक पडतो, तो तिसऱ्या तासाला बसल्या जागी कळतो. तीन-चार हजारांची आणि वीस-बावीस हजारांची यांतला फरक कळायला फार हळवी बैठक लागते. धरून चालू की महागडी शॉर्ट दहा हजार किलोमीटर टिकली आणि स्वस्तातली निम्मे. तरी पहिलीचा खर्च किलोमीटरला दोन रुपये किंवा जास्त पडतो आणि तीन-चार हजारांच्या दुसरीचा साठ ते ऐंशी पैसे. शिवाय लवचीक धागा ऊन, घाम आणि धुलाईने सैल होतो. त्याला छापाची भीड नसते.

जर्सीचे प्रकरण आणखी सोपे. कापूस नुसत्या हवेतूनच वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतो. पॉलिस्टरचा आकडा अर्ध्या टक्क्याच्याही आत. म्हणून घामाने भिजलेला सुती सदरा अंगाला चिकटून राहतो आणि पॉलिस्टरची जर्सी पटकन वाळते. हा गुण पॉलिस्टरचा आहे, छापाचा नाही. पाच-सहाशे रुपयांच्या क्लबच्या जर्सीतही तो असतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात तर हवाच इतकी दमट की घामाने कुठे उडून जावे हा प्रश्न पडतो. महाग कंपन्यांच्या मालातला मोठा हिस्सा ज्या हवामानासाठी बेतलेला असतो, ते हवामान इथे येतच नाही. बाह्यांचे गरम मोजे, वारा अडवणारी बंडी, थंडीतली पावसाळी जर्सी हे सगळे कुंभकोणममध्ये कपाटाची शोभा. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे त्यातले एखादे उपयोगी पडेल, नाशकात दोन.

राहिला वाऱ्याचा मुद्दा. आडीच्या वाऱ्यात पाटाही उडतो, अशी तमिळमध्ये म्हण आहे. आडी म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा महिना, आपल्या आषाढाच्या आसपासचा. त्या दिवसांत समोरून वारा घेऊन तंजावरच्या दिशेने सायकल मारणाऱ्याला तंग कपड्यांचा उपयोग नक्की कळतो, कारण फडफडणारा सदरा पालासारखा वारा धरतो. पण तंग असणे आणि महाग असणे या दोन गोष्टी आहेत. वाऱ्याशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताशी पंचेचाळीसने जाणाऱ्या शर्यतपटूला कापडाची वीणही मोजावी लागते. ताशी बावीसने जाऊन वाटेत डिग्री कॉफीला थांबणाऱ्याला वीण मोजायचे कारण नाही. (त्याच आडी महिन्यात लग्ने नसतात, म्हणून तमिळनाडूभर कापडाच्या दुकानांत घसघशीत सूट असते. कापडाची किंमत किती वाकू शकते, हे तिथल्या गिऱ्हाइकाला दरवर्षी नव्याने कळते.)

मग पॅड, पॉलिस्टर आणि तंगपणा यांचा हिशेब चुकता केल्यावरही जी मोठी रक्कम उरते, ती कशाची? रुबाबाची, असे उत्तर पटकन येते आणि ते चूक नाही. 2004 मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या राफा या कंपनीने सायकलच्या कपड्यांतून जुन्या युरोपीय शर्यतींचा करुणरम्य इतिहास विकला, आणि छान विकला. 2017 मध्ये ती कंपनी वॉलमार्टच्या संस्थापकाच्या नातवांनी विकत घेतली; आजोबांनी सर्वांत स्वस्त विकून जे कमावले ते नातवांनी महाग विकण्यात गुंतवले. हौसेला मोल नसते आणि हौस करणाऱ्याला शहाणपण शिकवायला जाऊ नये, हे मलाही मान्य. पण आपल्या रस्त्यांवर या रुबाबात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते.

आपल्याकडे सायकलवरचा माणूस गरीब समजला जातो. तमिळनाडूत 2001 पासून सरकारी शाळांतल्या मुलींना, पुढे मुलांनाही, मोफत सायकली मिळत आल्या. कुंभकोणमच्या रस्त्यांवर सकाळी गणवेशातली पोरे त्यांवरूनच शाळेला जातात. लुंगी दुमडून काळ्या सायकलवर केळीची पाने, दुधाचे कॅन, फुलांच्या टोपल्या नेणारे असतातच. मोटारवाला यांना हॉर्न वाजवून कडेला लोटतो. तीच सायकल, तोच रस्ता. पण हेल्मेट, चष्मा आणि अंगासरशी रंगीत जर्सी घातलेला दिसला की हॉर्न जरा उशिरा वाजतो. पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या फाटकावरही हे पाहायला मिळते. साध्या शर्टातल्या सायकलवाल्याला कुणाकडे काम आहे ते विचारतात, जर्सीतल्याला सलाम. आपण गरजेपोटी सायकल चालवत नाही, हे सांगणारी पाटी म्हणजे ते कपडे. पाटी वाचता येण्यासाठी किंमत चढी असणे भागच आहे.

कपडे पाहून दार उघडणे किंवा लावणे हा सायकलच्या इतिहासातला जुनाच धडा आहे. 1898 मध्ये इंग्लंडात लेडी हार्बर्टन सायकलवरून सरेतल्या ओकम गावच्या हॉटेलात गेल्या. त्यांनी घेरदार झग्याऐवजी ढगळ विजार घातली होती, म्हणून त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिले नाही. सायकलस्वारांच्या संघटनेने खटला भरला. 1899 मध्ये तो फेटाळला गेला. बाई उमराव घराण्यातल्या होत्या, त्याचाही उपयोग झाला नाही.  आपल्याकडे चेन्नईत जुलै 2014 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती वेष्टी नेसून क्रिकेट असोसिएशनच्या क्लबात कार्यक्रमाला गेले तेव्हा त्यांना दारातून परत पाठवले. त्यावर इतका गदारोळ झाला की त्याच वर्षी विधानसभेने कायदा करून वेष्टीला सार्वजनिक जागी अडवायला बंदी घातली. एका दारात वेष्टी चालली नाही, दुसऱ्या दारात बिब-शॉर्टवाल्याचे तिच्याविना चालत नाही. या राज्यात वेष्टीच्या पाठीशी कायदा आहे. लुंगीतल्या सायकलवाल्याच्या पाठीशी कुणी नाही.

कपड्यांवरून मान ठरण्याच्या अगदी उलट उदाहरण कुंभकोणमपासून शंभरेक किलोमीटरवर घडले. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेचा भाग म्हणून हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले म्हणून ते जगाला कळले. बायकांच्या सायकली मिळेनात तेव्हा त्यांनी पुरुषांच्या दांडीवाल्या सायकली घेतल्या, दांडीवर पोर बसवले आणि साडीतच निघाल्या. टीका आणि शेरे झेलले. त्यांना कुठल्याही जर्सीने मान मिळवून दिला नाही, संख्येने दिला. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पुण्याचेही तेच. प्राध्यापक, कारकून आणि कामगार एकाच रस्त्यावर आपापल्या कपड्यांत सायकल मारत, धोतराचा काठ नाहीतर पँटचा पाय साखळीत जाऊ नये म्हणून क्लिप लावून. सगळेच सायकलवर असल्याने सायकलवरून कुणाची पत ठरत नव्हती. सायकली गेल्या, मोटारी आल्या आणि मग परतून आलेल्या सायकलस्वाराला वेगळे दिसण्याची गरज पडली.

म्हणून मला महागड्या जर्सीवाल्याचा राग येत नाही. मानहानी टाळायला तो पैसे मोजतो आहे. रस्त्याने सर्वांना द्यायची वागणूक तो एकट्यापुरती विकत घेतो, एवढाच आक्षेप. आणि ती वागणूक उसनी असते: जर्सी उतरवून तोच माणूस संध्याकाळी भाजी आणायला त्याच सायकलवर निघाला की हॉर्न पुन्हा वेळेवर वाजतो.

महाग कापडाबद्दल कुंभकोणमला कुणी शिकवायची गरज नाही. तिरुभुवनम आणि दारासुरमचे सौराष्ट्री विणकर पिढ्यानपिढ्या रेशीम विणतात; त्यांची बोली कानावर पडली की मराठी माणूस चमकून मागे पाहतो. तिरुभुवनमच्या साडीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथेही वीस हजारांची साडी असते आणि ती कुणालाही जास्त वेगाने चालायला मदत करत नाही. पण तिची किंमत उलगडून दाखवता येते. रेशीम किती, जरीत चांदी किती, मजुरी किती, सहकारी संस्थेचा वाटा किती. जुनी झाली तर जरीपुरते पैसे परत देणारा गल्लीत येतो. ती साडी आपण चैनीची वस्तू आहोत हे लपवत नाही. याउलट महागडी जर्सी शोभेचे पैसे घेते आणि पावतीवर कामगिरी लिहिते. ग्रॅम आणि वॅटच्या भाषेत बोलते. माझी तक्रार तेवढीच आहे.

परीक्षा घ्यायची तर सोपी आहे. पॅड असलेली पातळ आतली चड्डी वेगळी मिळते. तिच्यावर साधी सैल पँट घालता येते. डोंगरी सायकलिंग करणारे तसेच वापरतात. कुंभकोणमसाठी यापेक्षा सोयीचा पोशाख मला सुचत नाही: खाली कातडी सुरक्षित, वरून सभ्य, गोपुराखाली वेष्टी शोधावी लागत नाही, कॉफीच्या दुकानात कुणी वळून पाहत नाही. अशा पँटच्या आत, कुणालाच दिसणार नाही तिथे, वीस हजारांची शॉर्ट घालायला किती जण तयार होतील? जे होतील त्यांना तिचा खराच उपयोग होतो आहे. त्यांनी खुशाल घ्यावी. बाकीच्यांनी तीन-चार हजारांत पॅडचा प्रश्न मिटवावा, जर्सी क्लबची घालावी, आणि तरीही लंडनच्या त्या छापाचा मोह सुटला नाही, तर तो शोभेच्या खात्यावर, दिवाळीच्या खरेदीत मांडावा.