कुशीतलं बाळ आणि भोवतालचं अंथरूण

तान्ह्या बाळानं आईजवळ झोपावं की वेगळं, हा प्रश्न आपल्या बहुतेक घरांत कुणी विचारतच नाही. पाळणा असतो, झोळी असते, पण ती दिवसाची. रात्री बाळ आईच्या कुशीत. चार-पाचदा उठून पाजायचं, लंगोट बदलायचा, तर ते हाताशी नको का? या सोयीमागे एक जुना विश्वासही असतो, आईला झोपेतही कळतं. बाळ जरा कुसकुसलं की तिचा डोळा उघडतो. हा विश्वास खोटा नाही. पण बाळाची सगळी काळजी त्या एका विश्वासावर सोपवून घरातले बाकीचे निर्धास्त झोपतात. मला बोलायचं आहे ते याबद्दल.

विश्वास खोटा नाही असं म्हणायला आधार आहे. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात जेम्स मॅकेना या मानववंशशास्त्रज्ञानं आईबाळांच्या झोपेचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उभी केली. शेजारी झोपलेली आई आणि बाळ दोघंही हलकी झोप घेतात, एकाची चाळवाचाळव झाली की दुसऱ्याचीही होते, हे तिथे दिसलं. इंग्लंडमध्ये डरहॅम विद्यापीठातल्या हेलन बॉल यांनी रात्रीच्या चित्रफिती तपासल्या. अंगावर पाजणारी आई झोपताना बाळाकडे तोंड करून कुशीवर वळते. गुडघे पोटाकडे ओढून बाळाच्या पायांखाली आणते आणि खालचा हात बाळाच्या डोक्यावरून पलीकडे टाकते. बाळ तिच्या छातीच्या पातळीवर राहतं, उशीपर्यंत जात नाही. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. अशा निजण्यात ती बाळावर पालथी पडू शकत नाही, कारण मध्ये तिचेच गुडघे आणि कोपर असतात. आपल्याकडच्या कुठल्याही बाळंतिणीला रात्री पाहिलं तर ती अशीच निजलेली दिसेल.

पण बॉल यांना आणखी एक गोष्ट दिसली. बाटलीनं पाजणाऱ्या आया बाळाला पुष्कळदा वर, स्वतःच्या चेहऱ्याजवळ, उशांच्या शेजारी ठेवत होत्या, आणि हे वळून निजणंही त्यांच्यात तितकं दिसत नव्हतं. त्यांची माया कमी होती असं मुळीच नाही. पण ज्याला आपण आईची उपजत जाण म्हणतो ती पाजण्याशी, शरीराच्या सवयीशी बांधलेली आहे. परिस्थिती बदलली की ती बदलते. सलग जागरणं झाली, झोप येणारं औषध घेतलं, ताप आला, शस्त्रक्रियेनंतर गुंगी राहिली, की तीच आई वेगळी झोपते. तिच्या आईपणाला बोल लावण्याचं यात कारण नाही.

बोल मात्र इतिहासात सतत लागत आला आहे. बायबलमधल्या राजा शलमोनाच्या न्यायाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, पण तिची सुरुवात विसरली जाते. एका बाईचं मूल रात्री मेलं, कारण झोपेत ती त्याच्या अंगावर पडली. सतराव्या-अठराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये आर्कुचिओ नावाची लाकडा-लोखंडाची कमान दाईच्या बिछान्यात बाळावर ठेवत, पाजता यावं पण अंगावर लोळता येऊ नये म्हणून. 1892 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी शहराचे पोलीस शल्यवैद्य चार्ल्स टेम्पलमन यांनी गुदमरून गेलेल्या 258 बाळांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतले कितीतरी मृत्यू शनिवारच्या रात्रीचे होते. शनिवार म्हणजे पगाराचा आणि दारूचा दिवस. त्यात एकेका खोलीत दाटीवाटीनं राहणारी कुटुंबं. पुढे 1908 च्या ब्रिटिश कायद्यानं दारूच्या नशेत मूल अंगाखाली दडपून मेलं तर तो गुन्हा ठरवला. टेम्पलमन यांच्या नोंदींत दारिद्र्य, गर्दी, व्यसन सगळं होतं, पण लोकांच्या मनात राहिली ती निष्काळजी आई.

अगदी अलीकडे, 2011 मध्ये, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या आरोग्य विभागानं एक जाहिरात काढली. मोठ्यांच्या पलंगावर गाढ झोपलेलं बाळ आणि त्याच्या शेजारी खाटकाचा सुरा. त्या शहरात बाळं दगावत होती आणि विभागाची तळमळ खरी होती. तरीही ते चित्र मला अन्यायाचं वाटतं. ते आईच्या शरीरालाच हत्यार म्हणतं, आणि अंथरुणात आणखी काय काय आहे हे पाहायचं राहून जातं.

पाहायला हवं ते तिथेच. बाळांचे झोपेतले आकस्मिक मृत्यू कमी करण्याचं सगळ्यात मोठं यश 1990 च्या दशकातलं आहे. 1991 मध्ये ब्रिटन आणि न्यूझीलंडमध्ये, 1994 मध्ये अमेरिकेत, बाळाला पालथं न झोपवता पाठीवर झोपवा, असा प्रचार सुरू झाला. पुढच्या काही वर्षांत हे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. आया अचानक जास्त सावध झाल्या नव्हत्या. बाळ ठेवायची रीत बदलली होती. ब्रिस्टल विद्यापीठाच्या पीटर ब्लेअर यांनी 2014 मध्ये इंग्लंडमधल्या नोंदींवरून दाखवलं की बाळाला घेऊन सोफ्यावर झोपी जाणं आणि दारू प्यालेल्या आईबापाशेजारी बाळ असणं, या दोन्हींत धोका सुमारे अठरा पटींनी वाढतो. हे दोन्ही नसताना, आणि कुणी धूम्रपान करत नसताना, शेजारी झोपण्यानं धोका वाढल्याचं त्यांना दिसलं नाही. याच्या एकच वर्ष आधीच्या दुसऱ्या अभ्यासात मात्र, आई पाजणारी आणि निर्व्यसनी असली तरी पहिल्या तीन महिन्यांत धोका वाढलेला आढळला होता. जाणकारांचा हा वाद मिटलेला नाही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना आजही निदान पहिले सहा महिने बाळ त्याच खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर ठेवा म्हणते. ब्रिटनच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचना सरसकट मनाई न करता एकत्र झोपायचं तर कसं आणि कधी मुळीच नाही, ते सांगतात. मला दुसरी वाट जास्त प्रामाणिक वाटते. रात्री तीन वाजता पाजता पाजता डोळा लागणार आहे, हे ती धरून चालते.

हे धरून चाललं नाही की काय होतं ते माझ्या भाचीच्या घरी दिसलं. ती अमेरिकेत बाळंत झाली. बाळाला पलंगावर घ्यायचं नाही असं तिला दवाखान्यात निक्षून सांगितलं होतं. म्हणून ती रात्री पाजायला दिवाणखान्यातल्या सोफ्यावर जाऊन बसायची आणि तिथेच बसल्या बसल्या पेंगायची. नियम पाळण्याच्या धडपडीत ती सर्वांत धोक्याच्या जागी जाऊन बसत होती. सोफ्याची पाठ आणि बैठक यांच्या खाचेत बाळाचं तोंड दबतं, मऊ गादीत नाक रुततं, आणि रडायलाही वाव राहत नाही. झोप येतेय असं वाटलं तर सोफ्यापेक्षा मोठ्यांचा पलंग कमी धोक्याचा, हे तिथल्या त्याच संघटनेनंही नंतर आपल्या सूचनांत लिहिलं आहे. भाचीची आई सहा महिन्यांसाठी तिथे गेली, तेव्हा तिनं कुठल्याही सूचना वाचलेल्या नव्हत्या. तिनं पलंगाची गादी उचलून खाली जमिनीवर टाकली आणि भिंतीपासून चांगली हातभर पुढे ओढली. उशा एकीवर आणल्या, तीही आईच्या डोक्याखाली. जाड रजई काढून कपाटात टाकली. आईला कमरेपर्यंत पातळ चादर, बाळाला सुती अंगडं आणि त्याचं त्याचं दुपटं, काखेखालपर्यंत. जावयाला सांगितलं, तुम्ही पलीकडच्या गादीवर. बाळ मध्ये नाही, आईच्या बाजूला. पाजून झालं की पाठीवर.

तिचं हे सगळं गोधडीच्या दिवसांतलं शहाणपण होतं. जमिनीवर घट्ट अंथरूण, अंगावर विरलेलं लुगडं, डोक्याशी काही नाही. आपल्याकडे कुशीत झोपलेली बाळं पिढ्यान् पिढ्या वाढली त्यात आईच्या जाणिवेइतकाच या कडक अंथरुणाचा वाटा आहे, आणि त्याचं श्रेय आपण त्याला कधी देत नाही. कुशीइतकीच भोवतालची परिस्थितीही मोलाची, हे इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरातही पाहायला मिळालं. तिथली पाकिस्तानी वंशाची कुटुंबं गोऱ्या कुटुंबांपेक्षा बाळाला जास्त वेळा जवळ घेऊन झोपतात, तरी त्यांच्यात बाळांचे आकस्मिक मृत्यू कमी. त्या आया सिगारेट-दारूपासून दूर असतात, अंगावर जास्त पाजतात आणि बाळाला घेऊन सोफ्यावर क्वचितच झोपतात.

म्हणूनच ‘आमच्याकडे कायम असंच झोपवतात’ हे वाक्य आता पुरेसं नाही. कुशी तीच आहे, भोवतालचं अंथरूण बदललं. पुण्या-ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये अंग रुतेल अशी फोमची गादी आहे, भिंतीला टेकवलेला डबल बेड आहे आणि भिंत व पलंग यांच्यामध्ये बाळ घसरेल एवढी फट आहे. एसी लावून वर जाड ब्लँकेट आहे. बाळ पडू नये म्हणून चारी बाजूंनी लोड आणि उशा रचल्या जातात, आणि नेमक्या त्या उशाच नाकातोंडावर येतात. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशीही दिली जाते. तिची गरज नाही. दिवसा जागं असताना, आपल्या डोळ्यांसमोर, बाळाला थोडा थोडा वेळ पालथं ठेवलं तर डोक्याला आकारही येतो आणि मानही धरते. गावाकडे जमिनीवर झोपवायला लोक भितात, आणि ती भीती खरी आहे. पावसाळ्यात मण्यार रात्री अंथरुणात शिरते. तिथे कडा गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हवी, ती डासांसाठीही लागतेच.

आणि दारू-सिगारेटचा विषय आपल्या बायकांना लागू नाही, असं म्हणून तो बाजूला सारता येत नाही. मुंबईत 1,200 हून अधिक गरोदर बायकांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्री, तंबाखू अशा धूर नसलेल्या तंबाखूची सवय असलेल्या आयांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी जन्मली. हलकं किंवा दिवस पुरे होण्याआधी जन्मलेलं बाळ शेजारी झोपवताना सगळ्यात नाजूक. आपल्या देशात पाच-सहा बाळांमागे एक अडीच किलोच्या आतलं जन्मतं. बापाची बिडी घराबाहेर ओढली तरी वास आणि धूर कपड्यांत घेऊन येते. बाळंतिणीच्या बंद खोलीतली कोळशाची शेगडी शेकण्यापुरती पेटवून बाहेर न्यायला हवी. रात्रभर ती आत ठेवली तर तिच्या वायूनं माय-लेकरं दोघंही झोपेतच जाऊ शकतात.

मग हलक्या बाळाला आईपासून दूर ठेवायचं का? इथे परदेशी सल्ला जसाच्या तसा उचलता येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली आणि काही वर्षांत नवजात मृत्यू निम्म्याहून कमी केले. बाळ गार पडू न देणं हा त्या कामातला मोठा भाग होता. 1970 च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटामध्ये सुरू झालेली कांगारू पद्धतही हेच सांगते. 2021 मध्ये भारतासह पाच देशांत केलेल्या अभ्यासात, हलक्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी धरलं तर मृत्यू पाव हिश्शानं घटले. पण छातीशी धरणं म्हणजे अंथरुणात सोबत टाकणं नव्हे. बाळ उभं, आईच्या स्तनांमध्ये, कापडानं बांधलेलं, मान किंचित मागे, तोंड एका बाजूला, नाक मोकळं. आई पाठीशी टेका घेऊन अर्धवट बसलेली. या सगळ्यात कुणीतरी जागं असावं लागतं. सासू, नवरा, बहीण, कुणीही. आईला झोप हवी असेल तर बाळ दुसऱ्याच्या छातीशी बांधता येतं, नवऱ्याच्यासुद्धा.

घरोघरी जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, आज बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. वजन घेतात, ताप पाहतात, पाजण्याचं विचारतात. याच भेटींत त्यांनी बाळाची रात्रीची जागाही पाहावी, असं मला फार वाटतं. गादी दाबून पाहावी, भिंतीकडची फट पाहावी, उशा किती आहेत ते पाहावं. कुणाच्या हातात बिडी आहे, कोण रात्री प्यायलेलं येतं, हे आईला एकटीला विचारू नये. तिला ते सांगता येणार नाही. भेट संध्याकाळची, घरातले पुरुष असताना ठेवावी. पिऊन आलेल्यानं त्या रात्री बाहेरच्या खोलीत झोपायचं, हे बाळंतिणीनं सांगितलं तर भांडण होतं. तेच आशाताईंनी सासू-सासऱ्यांसमोर बाळाचं वजन करता करता सांगितलं, तर ते पाळलं जाण्याची शक्यता बरीच जास्त.