उच्चारदोषाचे पाप

इंग्लंडात मनुष्याने तोंड उघडून एक वाक्य उच्चारले, की त्याचा परगणा, त्याची शाळा आणि त्याच्या बापाचा व्यवसाय यांचा अंदाज ऐकणाऱ्यास बहुधा तेथल्या तेथे बांधता येतो, आणि त्या अंदाजाबरोबरच त्या मनुष्याची पायरीही मनातल्या मनात ठरून जाते, ही गोष्ट त्या देशातील विचारवंतांनी स्वतःच वारंवार कबूल केली आहे. १९१३ साली व्हिएन्नात प्रथम रंगभूमीवर आलेले बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ हे नाटक या कबुलीवरच उभे आहे. त्यातील फुले विकणारी मुलगी काही महिन्यांच्या अभ्यासाने आपले स्वर व व्यंजने बदलते आणि उमरावांच्या मेजवानीत खपून जाते. तिचे अंतःकरण, तिची बुद्धी आणि तिचे शील ही मात्र पूर्वी होती तीच असतात. समाजशास्त्रज्ञ या घटनेची उपपत्ती वर्गभेदाने लावील आणि ती खोटी ठरणार नाही. परंतु मला येथे त्याहून जुना, धर्मचिंतनाच्या प्रांतातला असा एक प्रश्न विचारावयाचा आहे. उच्चार चुकणे हा जर दोष असेल, तर तो कोणत्या जातीचा दोष? त्याने पाप लागते काय, आणि लागत असल्यास कोणाला?

प्रथम, ज्यास शुद्ध म्हणतात त्याच्या शुद्धतेचे दप्तर तपासून पाहिले पाहिजे. जॉन वॉकर या कोशकाराने १७९१ साली इंग्रजी उच्चारांचा जो प्रसिद्ध कोश सिद्ध केला, त्यात ‘हॉस्पिटल’, ‘हंबल’, ‘ह्यूमर’ या शब्दांतील आद्य हकार अनुच्चारित असल्याची नोंद आहे. म्हणजे त्या काळचा सुशिक्षित गृहस्थ ‘ऑस्पिटल’ व ‘अंबल’ म्हणत असे, कारण हे शब्द फ्रेंचांकडून आले होते आणि फ्रेंचांनी तो हकार केव्हाच टाकून दिला होता. पुढे लेखनातील अक्षराने उच्चारावर आपला हक्क सांगितला, आणि साठ वर्षे पुरी होण्याच्या आतच, १८४९-५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ या कादंबरीत, डिकन्सने युराया हीप या कपटी कारकुनाच्या तोंडी तोच ‘अंबल’ घातला तो त्याचे हीनत्व वाचकाच्या कानास जाणवावे म्हणून. आजोबांची शिष्टता नातवाच्या काळी ग्राम्यता ठरली, आणि मधल्या काळात त्या शब्दाने कोणाचा काही अपराध केला होता असे नाही.

याहूनही बोलका दाखला ‘आस्क’ या क्रियापदाचा आहे. त्याऐवजी ‘आक्स’ म्हणणारा अमेरिकेतील कृष्णवर्णीय अथवा लंडनमध्ये वाढलेला वेस्ट इंडियन घराण्यातील तरुण आज अडाणी गणला जातो, आणि नोकरीच्या मुलाखतीत तो एवढ्यावरून मागे पडणे असंभवनीय नसते. परंतु प्राचीन इंग्रजीत ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदत होती, चॉसरच्या लेखणीस दुसऱ्याचा विटाळ नव्हता, आणि माइल्स कव्हरडेल याने १५३५ साली छापविलेल्या इंग्रजी बायबलात, याचना करणाऱ्यास येशूने दिलेले जे आश्वासन मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, तेथे याचनेचे क्रियापद ‘आक्स’ याच रूपात छापलेले आढळते. ज्या ध्वनीने एके काळी इंग्रजांस ईश्वराजवळ मागण्याचा आदेश दिला, तोच ध्वनी आज मनुष्याजवळ नोकरी मागावयास अपात्र ठरवितो, हे पाहून मन अस्वस्थ झाल्यावाचून राहत नाही. वर्णांची अशी अदलाबदल इंग्रजीस परकी नाही. ‘बर्ड’ आणि ‘थर्ड’ हे शब्द पूर्वी ‘ब्रिड’ आणि ‘थ्रिड’ असे होते, आणि त्यांचा विपर्यास आज सर्वमान्य झाला आहे. रेफाची गोष्ट तर अशी, की शब्दाच्या अखेरचा रेफ गाळणे लंडनमध्ये शिष्टपणाचे, तर न्यूयॉर्कमध्ये तो राखणे शिष्टपणाचे. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ साली तेथील तीन मोठ्या दुकानांतून चौकशी करून दाखवून दिले, की दुकान जितके उंची, तितका तेथील नोकरांच्या तोंडचा रेफ स्पष्ट. समुद्राच्या दोन काठांवर पुण्य आणि पाप यांची अशी अदलाबदल होत असेल, तर ते पुण्य ध्वनीत नव्हते एवढे तरी मान्य करणे भाग आहे.

तरीही १९२६ साली ब्रिटिश नभोवाणीने उच्चारांच्या संशयास्पद मामल्यांत निवाडा देण्यासाठी राजकवी रॉबर्ट ब्रिजेस यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. आणि १९४१ साली, युद्ध चालू असता, यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्स यांस राष्ट्रीय वार्ता वाचावयास बसविले, तेव्हा त्यांच्या वळणाच्या उच्चारांविरुद्ध श्रोत्यांनी तक्रारी केल्या. वार्ता त्याच, सैनिक तेच, मृत्यूही तेच. परंतु ते आपल्या शेजारच्या परगण्यातील माणसाच्या मुखातून ऐकणे अनेकांस रुचले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या परंपरेत उच्चारदोषाने प्राणहानी होते असे सांगणारी जी कथा वैदिक वाङ्मयात आहे, ती व्याकरणाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. इंद्राने मुलाचा वध केल्यामुळे संतप्त झालेल्या त्वष्ट्याने इंद्राचा नाश करणारा पुत्र व्हावा म्हणून आहुती दिली. परंतु ‘इन्द्रशत्रु’ या समासाचा उदात्त स्वर अंती न देता आरंभी दिल्यामुळे ‘इंद्राचा संहारक’ असा अर्थ निघण्याऐवजी ‘इंद्र ज्याचा संहारक आहे असा’ हा अर्थ निघाला, आणि जन्मलेला वृत्र इंद्राच्याच हातून मारला गेला. इंग्रजी शिकणाऱ्यास या कथेचे मर्म चटकन उमगावे, कारण त्या भाषेतही ‘रेकॉर्ड’सारख्या शब्दावरील आघात पहिल्या अवयवावर दिला तर नाम होते व दुसऱ्यावर दिला तर क्रियापद, आणि मराठीत आघाताने अर्थ पालटत नसल्यामुळे आपल्या लोकांची इंग्रजी परक्यास दुर्बोध होण्याचे एक मोठे कारण तेथेच आहे.

परंतु जी परंपरा त्वष्ट्याची कथा सांगते, तीच वाल्या कोळ्याचीही सांगते. त्याच्या जिभेला ‘राम’ हे दोन अक्षरांचे नाम पेलले नाही. तो ‘मरा मरा’ म्हणत बसला आणि त्याचा वाल्मीकी झाला. एकाचा नुसता स्वर ढळला आणि सर्वनाश झाला. दुसऱ्याचे अवघे नामच उलटे झाले आणि उद्धार झाला. यांपैकी एक कथा खरी व दुसरी भोळी असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. माझ्या समजुतीप्रमाणे या दोन कथा दोन निराळ्या क्रियांविषयी बोलतात. त्वष्टा शब्दाकडून काम करून घेऊ पाहत होता. तेथे शब्द हे साधन, आणि साधन वाकडे असेल तर काम वाकडे होणार. वाल्या मात्र शब्दाच्या द्वारे कोणाकडे तरी जात होता. तेथे ऐकणारा होता, आणि त्या ऐकणाऱ्यास वाल्याच्या मनात काय आहे ते कळत होते. पतंजलीने महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात हा भेद किती स्वच्छपणे पाहिला आहे! तेथे यर्वाण-तर्वाण नावाच्या ऋषींची हकिकत येते. ते ज्ञानी आणि तत्त्ववेत्ते होते, परंतु रोजच्या बोलण्यात ‘यद्वा नः, तद्वा नः’ असे म्हणावयाच्या ठिकाणी ‘यर्वाणः, तर्वाणः’ म्हणत, आणि त्या उच्चारावरूनच त्यांस ते नाव पडले. यज्ञकर्मात मात्र ते तसे बोलत नसत. त्यांच्या ज्ञानास त्या उच्चाराने बाध आला असे व्याकरणाचा तो महान कैवारीही म्हणत नाही. अपशब्दाची हद्द त्याने यज्ञमंडपापुरती आखून दिली आणि अंगण माणसांना मोकळे ठेवले.

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात हाच वाद एकदा प्रत्यक्ष फैसल्यापर्यंत गेला, आणि त्यात एक पक्षकार इंग्रज होता हे विशेष. आठव्या शतकात बव्हेरियातील एका पुरोहितास लॅटिन नीट येत नसल्यामुळे तो बाप्तिस्मा देताना विभक्तींचा असा गोंधळ करी, की पित्याच्या ठिकाणी स्वदेश आणि पुत्राच्या ठिकाणी कन्या असा अर्थ व्हावा. वेसेक्समधून धर्मप्रसारार्थ तिकडे गेलेल्या बोनिफेस याने हे संस्कार रद्द समजून त्या लोकांस पुन्हा बाप्तिस्मा देण्याचा हुकूम केला. परंतु तिकडेच राहणाऱ्या व्हर्जिल आणि सिडोनियस या दोन धर्मपुरुषांनी रोमकडे दाद मागितली, आणि ७४६ साली पोप झकारिया यांनी बोनिफेसला लिहून कळविले, की तो पुरोहित पाखंड आणीत नव्हता, केवळ भाषेच्या अज्ञानाने अडखळत होता. म्हणून संस्कार कायम आहे आणि पुनःसंस्काराचे कारण नाही. बाप्तिस्म्यावर मोक्षाचा भार ठेवणाऱ्या धर्मपीठाने हा निर्णय दिला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे औदार्य कळते. जेथे चुकीची किंमत सर्वांत मोठी असू शकत होती, तेथे आशयाकडे पाहिले गेले. आणि जेथे किंमत काहीच नाही, त्या दिवाणखान्यात आणि कचेरीत आपण ध्वनीचा तराजू घेऊन बसतो.

इंग्रजीपुरते बोलावयाचे तर तिला मंत्राचा आधारही मागता येत नाही. वेदपाठात किंवा कुराणाच्या पठणात ध्वनीच्या जतनास धर्माचे अधिष्ठान आहे, आणि ते जतन ही मानवजातीच्या महान तपश्चर्यांपैकी एक आहे असे मी मानतो. इंग्रजांच्या चर्चने मात्र १५४९ साली लॅटिन बाजूस सारून इंग्रजी प्रार्थनाग्रंथ लागू केला तो लोकांस समजावे याच हेतूने, आणि न समजणाऱ्या भाषेतील प्रार्थना धर्मवचनास विरुद्ध होय असे त्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांपैकी चोविसाव्यात स्पष्ट नमूद आहे. (कॉर्नवॉलच्या लोकांनी त्याच वर्षी बंड करून, आपल्यापैकी कित्येकांस ही नवी इंग्रजीच समजत नाही, अशी कैफियत मांडली, लोकभाषासुद्धा कोणाला तरी परभाषा असते याची आठवण त्या बंडाने ठेवली आहे.) ज्या भाषेने आपल्या उपासनेचा पाया बोधावर घातला, तिच्यात ध्वनीवरून माणूस नाकारणे हे तिच्याच धर्माशी विसंगत आहे. शिवाय ज्या नामाने इंग्रज प्रार्थना करतो ते ‘जीझस’ हे नाम अरमाइक ‘येशुआ’पासून ग्रीक, लॅटिन आणि फ्रेंच मुखांतून घडत घडत त्याच्यापर्यंत आले आहे, नाझरेथच्या वाटेवर कोणी त्या ध्वनीने हाक मारली असती, तर ज्याचे नाव त्याने मागे वळून पाहिले नसते.

बायबलात उच्चाराच्या परीक्षेचे दोन प्रसंग आहेत. पहिला शास्ते या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायातला: इफ्ताहाच्या गिलादी सैनिकांनी यार्देन नदीचे उतार रोखून धरले आणि येणाऱ्या प्रत्येकास ‘शिब्बोलेथ’ म्हणावयास सांगितले, ज्याच्या तोंडून ‘सिब्बोलेथ’ निघाले तो शत्रुपक्षाच्या एफ्राईम वंशाचा ठरून तेथेच कापला गेला, आणि त्या युद्धात असे ४२,००० पडले असे ग्रंथ सांगतो. दुसरा प्रसंग मुख्य याजकाच्या अंगणातला. येशूला पकडून नेल्यावर पेत्र तेथे उभा असता, तुझी बोलीच तुला उघडी पाडते आहे, अशा आशयाचे शब्द जवळच्या लोकांनी उच्चारले, कारण तो गालीलचा होता. गालीलकरांचे कंठ्य वर्ण यहूदियातील लोकांस भ्रष्ट वाटत. गाढव, मद्य, लोकर आणि कोकरू यांपैकी काय मागतो आहे तेच कळत नाही म्हणून एका गालीलकराची टर उडविल्याची गोष्ट तालमुदात आहे. परंतु पेत्राची बोली ती त्याच्या गुरूची बोली. येशू गालीलमध्ये वाढला आणि गालीलकरांतच राहिला. तेव्हा त्याच्याही मुखात तेच वर्ण असणार, हे अनुमान टाळणे कठीण आहे. मग ज्यांनी त्या स्वरास गावंढळ म्हटले त्यांनी काय काय ऐकण्याचे गमावले, याचा विचार ख्रिस्ती धर्मचिंतकांनी जितका करावयास हवा होता तितका केलेला मला आढळत नाही.

या विवेचनातून आपली सुटका नाही. इंग्रजी ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आपल्या तोंडी एकाच वकारात मिसळतात, इंग्रजीचा दंतमूलीय टकार आपण मूर्धन्य करतो, आणि त्याबद्दल परक्या मुलखात कोणी हसले तर आपल्याला तो अन्याय जिव्हारी लागतो. तोच मराठी गृहस्थ आपल्या घरी ‘पानी’ आणि ‘लोनी’ म्हणणाऱ्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहतो? त्या माणसाची तहान णकाराविना कमी खरी असते काय? उच्चार सुधारावा याविषयी माझे दुमत नाही; शिक्षकाने प्रेमाने तो सुधारावा आणि विद्यार्थ्याने नेटाने तो साधावा. परंतु ऐकणे हेही कर्म आहे आणि त्यालाही दोष लागतो. समजलेले असता न समजल्यासारखे करणे हे असत्य आहे, आणि ते असत्य ऐकणाऱ्याच्या खात्यावर जमा होते.

जेथे न समजण्याची किंमत प्राणांनी द्यावी लागते, तेथे ध्वनीच्या शुद्धतेपेक्षा समजणे मोठे हा नियम माणसांनी निमूटपणे मान्य केलेला आहे. विमानचालक आणि भूमीवरील नियंत्रक यांच्या संभाषणासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आकड्यांचे जे उच्चार ठरवून दिले आहेत, त्यांत ‘थ्री’स ‘ट्री’, ‘फाइव्ह’ला ‘फाइफ’ आणि ‘नाइन’ला ‘नाइनर’ म्हणावे असा शिरस्ता आहे, कारण गोंगाटात आणि नाना देशांच्या कानांना तेच अधिक स्वच्छ पोहोचते. आयर्लंडच्या शेतकऱ्याचा जो ‘ट्री’ लंडनला हास्यास्पद वाटत आला, तोच लंडनच्या विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकास विहित उच्चार म्हणून शिकविला जातो.