त्याग कोणाच्या वस्तूचा?

दिवाळीची आवराआवर म्हणजे आम्हा बायकांचं राज्य. काय ठेवायचं, काय टाकायचं, हे आपण ठरवायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. अशाच एका दिवाळीआधी, पंचवीस वर्षं तरी झाली असतील, मी देवासहून माहेरी धारला गेले होते. आई थकलेली, वहिनी बाळंतपणाला गेलेली. मी पदर खोचून माळा रिकामा केला. दारात भंगारवाला उभाच होता. जुना टीव्ही दिला, वायरींचं भेंडोळं दिलं आणि कॅसेटींनी भरलेलं एक खोकंही दिलं. संध्याकाळी दादा आला, माळ्याकडे पाहिलं, हात धुतले आणि जेवायला बसला. एक शब्द बोलला नाही.

ती गाण्यांची कॅसेट नव्हती, हे मला कितीतरी उशिरा कळलं.

दादाकडे कॉलेजच्या दिवसांपासून एक छोटा संगणक होता. सिंक्लेअर स्पेक्ट्रम. हा १९८२ साली इंग्लंडात निघाला. वहीपेक्षा थोडा मोठा, काळा, आणि कीबोर्डमध्येच सगळा संगणक. त्याची स्मरणशक्ती अवघी ४८ केबी. आज मोबाइलमधल्या एका फोटोलाही याच्या कितीतरी पट जागा लागते. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. घरच्या टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात वायर खुपसायची, बटण फिरवून चित्र पकडायचं. आणि प्रोग्रॅम साठवायचा साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर. दादाने रात्री जागून लिहिलेलं सगळं त्या खोक्यात होतं. संगणक तेवढा कपाटात होता म्हणून वाचला.

गेल्या उन्हाळ्यात भाच्याने तो बाहेर काढला. इंदूरला इंजिनियरिंग शिकतो. म्हणाला, "आत्या, हा बिघडलेला नाहीये. आतले दोन-चार कपॅसिटर सुकलेत, ते बदलले की झालं. पण याचं चित्र आपल्या नव्या टीव्हीला समजतच नाही." नव्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या.

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. वस्तू चांगली आहे, काम करायला तयार आहे, पण जगाची भाषा बदलली म्हणून ती मुकी ठरली. घराघरांत आपण किती वस्तूंना, आणि खरं सांगायचं तर किती माणसांना, असंच मोडीत काढतो!

भाच्याने मग एक कार्ड बनवायला घेतलं. मी कलाशाखेची, पण शेजारी बसून विचारत राहिले. त्याने समजावलं ते असं. हा संगणक चित्र काढतो म्हणजे आपल्या स्मृतीतल्या ठरावीक ६९१२ घरांत आकडे लिहितो. त्याच्या पाठीमागे एक उघडी पट्टी असते, तिथे आतल्या तारांचं बोलणं ऐकू येतं. कार्ड तिथे बसवायचं. संगणक त्या घरांत जे लिहील ते कार्डाने ऐकायचं, आपल्याजवळ उतरवून घ्यायचं आणि त्यावरून नव्या टीव्हीला कळेल असं एचडीएमआयचं चित्र तयार करायचं. जुन्या चित्रात आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके. नव्या पडद्यावर एकेका ठिपक्याचे चार करायचे, उरलेल्या जागेची चौकट. हे सारं काम करते रास्पबेरी पाय पिको नावाची बोटभर पट्टी. २०२१ साली ती चार डॉलरला बाजारात आली.

एक गंमत त्यात होती. जुना संगणक ५ व्होल्टवर बोलतो, नवी पिको ३.३ व्होल्टवर. जुन्याचा आवाज नव्याला झेपत नाही. भाच्याने घाईत थेट जोडलं आणि पहिली पिको जळली. मग मध्ये तीन लहान चिपा घातल्या. त्यांचं काम एवढंच, मोठा आवाज हळू करून पुढे द्यायचा. सासू आणि नातसून यांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या आपल्या पिढीला हे काम वेगळं समजावून सांगायला नको!

जळालेली पिको धरूनही सगळा खर्च हजार-बाराशेत बसला. जुन्या संगणकाला कुठेही भोक पाडलं नाही, एक तार कापली नाही. कार्ड काढून घेतलं की तो होता तसा.

स्वस्ताईचा मुद्दा मला लहान वाटत नाही. १९८४ साली सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाची संगणक-योजना काढली, तेव्हा अडीचशेच्या आसपास शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे संगणक आले होते. त्या संगणकांसाठीही हौशी लोकांनी असंच एक स्वस्त कार्ड बनवलं, आणि त्याचे नकाशे, प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुले ठेवले. दुरुस्ती वस्तूपेक्षा महाग झाली की ती फक्त श्रीमंत संग्राहकांची चैन होते. स्वस्त आणि खुली राहिली तर धारच्या एका गल्लीतला मुलगाही करू शकतो. आपल्याकडे श्रुतपंचमीला पोथ्या बाहेर काढून, पुसून, नव्या वेष्टनात बांधतात. पण पोथ्या टिकल्या त्या केवळ वेष्टनामुळे नाहीत. ताडपत्रावरचं कागदावर उतरवून घेणारे हात प्रत्येक पिढीत निघाले, म्हणून टिकल्या.

आता तुमच्यातली एखादी विचारेल, आणि मीही स्वतःला विचारलंच, की हा मोह नाही का? आपण अपरिग्रहाच्या गोष्टी करतो आणि चाळीस वर्षांचं खोकं कुरवाळत बसतो! मी खूप विचार केला. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची खूण वस्तूंच्या संख्येवरून नाही, मनाच्या मूर्च्छेवरून, आसक्तीवरून सांगितली आहे. मग माळा रिकामा करताना माझ्या मनात काय होतं? नव्या टीव्हीसाठी जागा हवी होती. म्हणजे मी टाकत होते ते घेण्यासाठीच. आणि टाकलेलं जातं कुठे? जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं, वायरी जाळून कुणीतरी त्यातलं तांबं काढतं. तो धूर कुणाच्या तरी छातीत जातो. माझं घर स्वच्छ झालं, एवढंच.

दुसरी चूक याहून मोठी. त्याग आपल्या वस्तूचा असतो. दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता देऊन टाकणं, याला त्याग म्हणत नाहीत. त्याचं खरं नाव आपल्याला पाच अणुव्रतांत सापडेल, आणि ते अपरिग्रहाच्या रांगेतलं नाही.

ज्या दिवशी कार्ड चाललं त्या दिवशी मी मुद्दाम धारला गेले. नव्या टीव्हीवर पांढरा पडदा आला, खाली एक ओळ: कंपनीचं नाव आणि १९८२. दादा चष्मा पुसून पुढे बसला. या संगणकात एक कळ दाबली की अख्खा शब्द उमटतो. त्याने न पाहता 'पी' दाबलं, पडद्यावर 'प्रिंट' आलं. "बोटांना आठवतंय की," म्हणाला.

भाच्याने विचारलं, "बाबा, तुमचे प्रोग्रॅम कुठेत?"

खोलीत कुणी बोललं नाही. मग मीच म्हणाले, "दादा, ते खोकं मी दिलं होतं."

"माहीत आहे गं," तो म्हणाला. "तू फार दमली होतीस त्या दिवशी."

त्याने रागावून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. यंत्राला जोडून देणारं कार्ड हजार-बाराशेत झालं; पण कॅसेटी परत आणणारं कार्ड कुणाला बनवता येणार नाही.

संगणक ठेवायचा की नाही, हे आम्ही असं ठरवलं आहे: वर्षभरात त्याला कुणाचा हात लागला नाही, तर जो वापरेल त्याला कार्डासकट देऊन टाकायचा. मात्र हे ठरवताना दादाला विचारलं. यंदाच्या दिवाळीत माळ्यावर चढण्याआधी तुम्हीही घरातल्या प्रत्येकाला विचारा. आणि कुणी गप्प राहिलं, तर त्याचा अर्थ होकार असा धरू नका.