उंटवाल्याचा पिरॅमिड

कॅलिफोर्नियाच्या सरहद्दीनजीक, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, क्वार्ट्‌झसाइट नावाचे लहानसे गाव आहे. उन्हाळ्यात तेथे सहसा कोणी फिरकत नाही. परंतु थंडी सुरू झाली की उत्तरेकडील राज्यांतून आणि कॅनडातून ‘आर.व्ही.’ नामक चाकांवरची बिऱ्हाडे, चूल, बिछाना व न्हाणीघर यांसह, इतक्या संख्येने येऊन उतरतात की, 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या मुदतीत परवाना घेऊन तळ ठोकणाऱ्यांसाठी सरकारने गावालगतची ला पोसा येथील जमीन राखून ठेवली आहे. रस्त्याकडेची रंगीत खड्यांची दुकाने पाहून झाली म्हणजे ही मंडळी गावच्या दफनभूमीतील एका पिरॅमिडकडे वळतात. गारगोटीचे धोंडे आणि दगड झालेल्या लाकडाचे तुकडे चुन्यात बसवून तो रचलेला असून शिखरावर तांब्याचा उंट आहे.

खाली विसावला आहे तो हाजी अली. रुक्ष प्रदेशात सैन्याची ओझी वाहण्यास उंट उपयोगी पडतील काय, हे अजमावण्यासाठी अमेरिकेच्या युद्धखात्याने 1856 साली जे उंट आणविले, त्यांच्याबरोबर ऑटोमन मुलखातून आलेला हा उंटवाला. पुढे यादवी युद्ध पेटले, प्रयोग बारगळला, उंट लिलावात निघाले. उंटवाला मात्र येथेच राहिला. 1880 मध्ये नागरिकत्व घेताना दप्तरी त्याचे नाव फिलिप टेड्रो असे लागले, त्याच साली ट्यूसान शहरी त्याने लग्न केले, आणि 1902 मध्ये याच गावी तो वारला. लोकांच्या तोंडी तो अखेरपर्यंत ‘हाय जॉली’च होता, मक्केची यात्रा करणाऱ्यास मिळणारा मान त्या मोडक्यातोडक्या उच्चारात कसाबसा तग धरून राहिला.

असा हा मनुष्य धर्माने कोण म्हणावा? श्रीगोंद्याच्या संतकवी शेख महंमदांच्या स्थानाविषयी समाधी की दर्गा असा वाद आपल्याकडे चालतो; पण त्या वादात निदान दोन्ही पक्षांना मृताविषयी आपलेपणा आहे. येथे दावेदारच नाही. 1935 साली हे स्मारक उभारले ते राज्याच्या रस्तेखात्याने, आणि त्यासाठी आकृती निवडली ती ना मशिदीची ना चर्चची, तर उंटावरून सहज सुचणाऱ्या मिसरची. आपले वेदान्ती म्हणतील की नाव, देश, पंथ या केवळ उपाधी. त्या गळून पडल्यावर जे उरते तेच खरे. सिद्धान्त म्हणून मला हे मान्य आहे. परंतु फलकावर पाहावे तर उपाधी गळालेल्या नाहीत: जन्म सीरियात कोठेतरी, 1828 च्या सुमारास, धंदा उंट हाकण्याचा, ओझी वाहण्याचा, वाट काढण्याचा, आणि तीस वर्षांहून अधिक काळ सरकारची इमानेइतबारे चाकरी. गाळली आहे ती एकच गोष्ट, त्याची श्रद्धा.

याला कोणी निधर्मी औदार्य म्हणेल. मला ते तसे वाटत नाही. ज्याला आपण ओळखले नाही त्याच्या श्रद्धेविषयी मौन पाळणे योग्यच. पण मग चाकरीविषयीही तेवढाच संकोच बाळगावयास हवा होता. जन्मभराच्या उलाढालीतून सरकारच्या उपयोगी पडला तेवढाच भाग निवडून तो माणसाच्या थडग्यावर कोरणे, हे स्मारक नव्हे. ते नोकरीचे प्रशस्तिपत्र झाले.