होकार कशाला म्हणावे?



आपल्या धर्मग्रामातील काही जण रोज तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. तिथे रसायनांचे कारखाने पुष्कळ आहेत. ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा उडून एखादा कामगार भाजला, की लोक सहज म्हणतात, "जोखीम ठाऊक होती, पगार घेत होता ना!" म्हणजे त्याचा होकार होता. पण होकार खरा ठरायला दोन गोष्टी लागतात : ज्ञान आणि स्वातंत्र्य.

आधी ज्ञान. ॲसिड लागले की बहुधा लगेच आग होते. कॉस्टिक सोड्याने सुरुवातीला कमी दुखू शकते आणि तोवर तो मांस विरघळवत खोल शिरतो. ठेकेदाराने आणलेल्या, ड्रमवरचे लेबल वाचता न येणाऱ्या मजुराला हे कोणी सांगितले? 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क लिहिला गेला. पण त्याला समजेल अशा भाषेत सांगितले नाही, तर तो हक्क कागदावरच राहतो.

मग स्वातंत्र्य. पोप तेरावे लिओ यांनी 1891 च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात बजावले आहे, की गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीने कामगाराने कठोर अटी पत्करल्या, तर तो जबरदस्तीचा बळी ठरतो. तत्त्वज्ञ कांट यांच्या मते वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा. पगार देऊन मालक श्रम घेतो. कामगाराची कातडी आणि डोळे त्याच्या मालकीचे होत नाहीत.

उकाड्यामुळे गॉगल काढून ठेवणाऱ्या कामगाराचीही चूक असतेच. पण त्याच्या चुकीने मालकाचे कर्तव्य संपत नाही.

रसायनाने भाजल्यावर बहुतेक वेळा पहिला उपचार असतो साधे पाणी. भिजलेले कपडे ताबडतोब काढून किमान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवायचे, मग डॉक्टरांकडे न्यायचे. ॲसिडवर सोडा ओतू नये. त्याने उष्णता वाढते. इतका स्वस्त उपाय असताना शॉवरसमोर ड्रम रचलेले असतील, तर 'परवडत नाही' ही सबब उरत नाही.

आपल्यात कामगार आहेत, सुपरवायझर आहेत, कोणी ठेकेदारही असेल. उद्या कामावर गेल्यावर एवढे पाहा : पाणी किती पावलांवर आहे? नळ सोडून पाहा. आणि नवीन आलेल्या मजुराला त्याच्या भाषेत सांगा, ड्रममध्ये काय आहे.

आपला,
धर्मगुरू